हिरवी बुरशी: कोणती सोबतीण, कोणती वैरीण?

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो गटांच्या बैठकांतून आलाय. ज्या गावात एक गट धिंगरी अळंबी घेतो आणि दुसऱ्या गटातल्या बायका हरभऱ्याच्या, तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, तिथं हा प्रश्न हटकून निघतो. धिंगरीच्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली, की जाणकार कुणीतरी सांगतं, "ही तर ट्रायकोडर्मा." लगेच पुढचं वाक्य येतं, "म्हणजे तुमच्या त्या पावडरीनंच आमच्या पिशव्या नासल्या."

नाव एक, म्हणजे गुन्हेगारही तीच, असा हा सरळ हिशोब. पिशव्यांसाठी गटातून कर्ज उचललेलं असतं आणि हप्ता काही थांबत नाही. म्हणून हा हिशोब चुकला तर शेजारणी-शेजारणींत अबोला धरला जातो. कुणी चांगलं जैविक औषध शेतात वापरायचं सोडून देतं. आणि पिशव्या नासायचं खरं कारण शोधायचं राहून जातं ते राहूनच जातं.

तर आज आपण समजून घेऊ, की बुरशीला नाव कसं देतात, ते नाव डोळ्यांनी ठरवण्यात काय अडचण होती, आणि डीएनए नावाच्या तपासणीनं तो गुंता कसा सुटला.

बुरशी म्हणजे झाड नव्हे

पहिली गोष्ट. भाकरीवरची बुरशी, लोणच्यावरचा पांढरा थर, कुत्र्याची छत्री, धिंगरी, ट्रायकोडर्मा, ही सगळी एकाच मोठ्या कुळातली मंडळी. पूर्वी शास्त्रज्ञ यांना वनस्पतीतच धरत. पण यांच्यात हिरवं द्रव्य नसतं, त्यामुळं उन्हावर स्वतःचं अन्न करता येत नाही. दुसऱ्यानं केलेलं खायचं, नाहीतर सडलेल्यावर जगायचं. झिंग्याच्या टरफलात जो पदार्थ असतो, तोच यांच्या पेशींच्या भिंतीत असतो. डीएनए तपासल्यावर तर असं दिसलं, की बुरशी ही झाडापेक्षा प्राण्यांना जवळची आहे.

आपल्याला छत्री दिसते, ती म्हणजे नुसतं फळ. खरी बुरशी आत असते, पांढऱ्या बारीक धाग्यांच्या रूपात. धिंगरीच्या पिशवीत स्पॉन टाकल्यावर काडावर जी पांढरी जाळी पसरते, ती म्हणजेच अळंबीचं अंग. आंब्याचं झाड मातीत आणि फक्त आंबे वर, अशी कल्पना करा.

डोळ्यांनी ओळखायची अडचण

आता ओळखायचं कसं? रंग, वास, आकार, छत्रीच्या खालच्या पट्ट्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बीजाणू. शेकडो वर्षं शास्त्रज्ञ यावरच नावं ठरवत आले. पण बुरशी मोठी बहुरूपी. एकच अळंबी कोवळी असताना वेगळी दिसते, पाऊस लागल्यावर वेगळी आणि वाळल्यावर तिसरीच. उलट दोन अगदी वेगळ्या जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

ट्रायकोडर्माचंच बघा. हे नाव १७९४ साली दिलं गेलं. १९६९ साली मीन रिफाई या इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञानं या कुळाची नीट मांडणी केली, तेव्हा नऊ गट केले. म्हणजे नऊ टोपल्या ठेवल्या आणि जी बुरशी जिच्यासारखी दिसेल तिला त्या टोपलीत टाकलं. एका टोपलीत अनेक जाती मिसळल्या असतील, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सूक्ष्मदर्शकानं त्याहून बारीक निवडता येत नव्हतं. आज ट्रायकोडर्माच्या तीनशेहून जास्त जाती माहीत आहेत. नऊ टोपल्यांचा एवढा पसारा झाला तो डीएनएमुळं.

चार रंगांची माळ

डीएनए म्हणजे काय? प्रत्येक जिवाच्या पेशीत एक खूप लांब माळ असते. तिच्यात फक्त चार प्रकारचे मणी असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, सी, जी आणि टी म्हणतात. समजायला आपण लाल, पिवळा, काळा, पांढरा म्हणू. मणी चारच प्रकारचे, पण कोणत्या मण्यामागं कोणता मणी येतो, या क्रमात त्या जिवाची सगळी घडण लिहिलेली असते. आईकडून, बापाकडून ती लेकरात येते. जितकं नातं जवळचं, तितका माळेतला क्रम सारखा.

पूर्ण माळ वाचायची म्हणजे मोठंच काम. म्हणून शास्त्रज्ञ तिचा एक छोटा तुकडा वाचतात. तुकडा कोणता घ्यायचा, हे महत्त्वाचं. रेशनकार्डाचा फॉर्म डोळ्यांपुढं आणा. छापील मजकूर सगळ्यांचा सारखा, मधल्या रिकाम्या ओळीत भरलेलं नाव मात्र ज्याचं त्याचं. बुरशीच्या माळेत असाच एक तुकडा आहे. दोन्ही बाजूंचा क्रम जवळजवळ सगळ्या बुरशींत सारखा, आणि मधला भाग जातीजातीनुसार बदलणारा. त्याला आयटीएस म्हणतात. साधारण पाच-सातशे मण्यांचा हा तुकडा. २०१२ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून बुरशी ओळखण्यासाठी हाच तुकडा सर्वमान्य केला. दुकानातल्या साबणावर काळ्या रेघांचा बारकोड असतो ना, तसा हा बुरशीचा बारकोड.

पण एवढ्याशा बुरशीत तो तुकडा इतका कमी असतो की वाचता येत नाही. म्हणून आधी त्याच्या नकला काढतात. बुरशीचा कणभर तुकडा कुटून, धुऊन डीएनए वेगळा करतात. मग एका यंत्रात तो तापवतात. माळ दुपदरी असते, ती सुमारे पंचाण्णव अंशांवर उकलून एकपदरी होते. मग थंड केलं की छापील मजकुराच्या जागी खुणेचे छोटे तुकडे येऊन चिकटतात आणि तिथून पुढं नवा पदर विणला जातो. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवायचं, दोनाचे चार. चाराचे आठ. असे तीस फेरे झाले, की एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त नकला तयार. चमचाभर विरजणानं हंडाभर दूध लागावं, तसं. या युक्तीला पीसीआर म्हणतात. करोनाच्या काळात नाकातून काडी घालून जी तपासणी केली, तिच्यातही हीच युक्ती होती.

नकला झाल्या, की दुसरं यंत्र मण्यांचा क्रम वाचून देतं. तो क्रम संगणकावरच्या मोठ्या साठ्याशी ताडून पाहतात. तिथं जगभरच्या बुरशींचे क्रम नावासकट ठेवलेले आहेत. जुळला तर नाव मिळालं. कुणाशीच नीट जुळला नाही, तर समजायचं की ही कदाचित नवी जात असेल.

अळंबीच्या शेडमधला गुन्हेगार

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. हा प्रश्न फक्त आपल्याच गावातला नाही. १९८५ साली उत्तर आयर्लंडमध्ये बटण अळंबीच्या कंपोस्टवर हिरव्या बुरशीची साथ आली. तिथून ती ब्रिटनमध्ये गेली. १९९० नंतर कॅनडा आणि अमेरिकेतही तशीच साथ उसळली. सुरुवातीला पांढरे धागे पसरत. ते अळंबीचेच आहेत असं वाटून कुणाला संशय येत नसे. मग एकाएकी सगळं हिरवं होई आणि तिथं अळंबी उगवतच नसे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ती ट्रायकोडर्मा हार्झियानमसारखी दिसत होती. तेच नाव तिला पडलं. इथंच पेच आला. कारण हार्झियानम ही तर शेतकऱ्याची सोबतीण. मर, मूळकूज असे रोग आणणाऱ्या जमिनीतल्या बुरशींना ती विळखा घालून खाते, म्हणून तिची पावडर करून शेतात वापरतात. मग हीच बुरशी अळंबीच्या शेडमध्ये शिरली की काय? शेतीसाठी तयार केलेल्या औषधातूनच ही साथ पसरली की काय? आपल्या बैठकीतला प्रश्न आणि तिथल्या उत्पादकांचा प्रश्न, शब्दाला शब्द सारखा.

उत्तर डीएनएनं दिलं. अनेक प्रयोगशाळांनी शेडमधली बुरशी, जमिनीतली बुरशी आणि औषध म्हणून वापरायची बुरशी, तिन्हींचे तुकडे वाचले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत गॅरी सॅम्युएल्स नावाचे शास्त्रज्ञ होते. ट्रायकोडर्मा ओळखणं, हेच त्यांच्या आयुष्याचं मोठं काम. २००२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल लिहिला. साथ आणणारी बुरशी हार्झियानम नाहीच, ती वेगळी जात आहे. तिला त्यांनी नाव दिलं ट्रायकोडर्मा अग्रेसिव्हम, म्हणजे आक्रमक. तिच्यातही युरोपातला प्रकार वेगळा आणि अमेरिकेतला वेगळा निघाला. शेतात वापरायची बुरशी या आरोपातून सुटली.

या कामात आणखी एक गोष्ट कळली. ट्रायकोडर्माच्या बाबतीत आयटीएसचा एकच तुकडा पुरत नाही. तो वाचून आडनाव कळतं, पण सख्ख्या बहिणींतली नेमकी कोण हे कळत नाही. म्हणून माळेतला दुसरा, जास्त बदलणारा तुकडाही वाचावा लागतो. एका कागदावर काम झालं नाही तर आपण दुसरा पुरावा जोडतो, तसंच.

आपल्या धिंगरीचं काय? दक्षिण कोरियात आणि नंतर इटली, हंगेरीत धिंगरीच्या पिशव्यांवरही हिरव्या बुरशीची साथ आली होती. तिथंही डीएनए वाचला, तेव्हा आणखी दोन नव्या जाती निघाल्या. धिंगरीचं शास्त्रीय नाव प्लुरोटस, त्यावरून त्यांची नावं ठेवली प्लुरोटी आणि प्लुरोटिकोला. म्हणजे बटण अळंबीची वैरीण वेगळी आणि धिंगरीची वेगळी.

अशीच गोष्ट पुडीवरच्या नावाची. आपल्याकडच्या पुड्यांवर बहुधा 'ट्रायकोडर्मा विरिडी' किंवा 'हार्झियानम' लिहिलेलं असतं. जगभर विरिडी समजून वापरल्या गेलेल्या अनेक बुरशी डीएनए वाचल्यावर अस्पेरेलम नावाच्या दुसऱ्याच जातीच्या निघाल्या. हे नाव १९९९ साली वेगळं झालं. म्हणून काही त्या बुरशी निकामी ठरल्या नाहीत. काम त्या करतच होत्या, नुसतं नाव सुधारलं.

मग पावडर शेडमध्ये चालेल का?

नाही, मैत्रिणींनो. इथं घाई करू नका. शेतातली ट्रायकोडर्मा त्या मोठ्या साथीची गुन्हेगार नव्हती, एवढंच सिद्ध झालं. पण तिचा स्वभाव काय? दुसऱ्या बुरशीला खाणं. आणि धिंगरी कोण? बुरशीच! मांजर घरची झाली म्हणून दुधाची पातेली उघडी ठेवून कुणी जात नाही.

म्हणून ज्या घरात दोन्ही कामं चालतात, तिथं काही नियम पाळायचे:

बियाण्याला पावडर चोळायचं काम शेडपासून लांब करा. त्यानंतर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच शेडमध्ये जा. पुड्यांचा साठा शेडमध्ये नको.

काड असो की सोयाबीनचं कुटार, ते नीट गरम पाण्यात निर्जंतुक झालंय ना, हे पाहा. हिरव्या बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, काडात सगळीकडं असतात. पुष्कळदा त्या कच्च्या राहिलेल्या काडातूनच येतात.

स्पॉनच्या पिशवीत हिरवा ठिपका दिसला, तर ती पिशवी घेऊच नका. स्वस्त मिळाली तरी नको.

बेडवर हिरवं दिसलं, तर पिशवी शेडमध्ये उघडू नका, झटकू नका. एका झटक्यात लाखो बीजाणू उडतात. ओल्या फडक्यानं झाकून ती बाहेर न्या आणि लांब खड्ड्यात पुरा. रोजची पाहणी चांगल्या पिशव्यांपासून सुरू करा, खराब पिशव्यांना हात शेवटी.

आणि पुन्हापुन्हा तोच त्रास झाला, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथं बुरशी ओळखून देण्याचं कामही चालतं. बुरशीची नावं ठरवणारी माणसं आणि यंत्रं फक्त परदेशातच आहेत, असं समजू नका.

पाकिटातल्या तीन अनोळखी बहिणी

आता खाण्याच्या अळंबीची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये, लंडनमधल्या क्यू इथं जगप्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे. तिथल्या ब्रिन डेंटिंगर आणि लॉरा मार्टिनेझ-सूझ या शास्त्रज्ञांनी लंडनच्या दुकानातून वाळवलेल्या अळंबीचं एक साधं पाकीट आणलं. अळंबी चीनमधली, पाकिटावर नाव पॉर्चिनी. त्यांनी त्यातले पंधरा तुकडे घेऊन त्यांचा डीएनए वाचला. त्यात तीन जाती निघाल्या, आणि तिन्हींना शास्त्रात तोवर नावच नव्हतं! २०१४ साली त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला.

आम्हाला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ती नावं. ती त्यांनी चिनी शब्दांवरूनच ठेवली. एकाचा अर्थ पांढरी बैलाचं काळीज, एकाचा चवदार, एकाचा खाण्याजोगी. कारण तिथल्या डोंगरातली माणसं ही अळंबी कधीपासून वेचत होती, खात होती, विकत होती. शास्त्राला नाव नव्हतं, वेचणाऱ्यांना होतं. आपल्याकडंही कोकणात अळंबी, विदर्भात सात्या आणि टेकोडे, अशी नावं बायकांच्या तोंडी आहेत. पहिल्या पावसानंतर कोणत्या वारुळावर काय उगवतं, हे त्यांना पाठ असतं. ही नावं आणि जागा वहीत लिहून ठेवायला हव्यात. ज्या दिवशी कुणी डीएनए वाचेल, त्या दिवशी त्या वहीचा उपयोग होईल.

डीएनए काय सांगत नाही

शेवटी एक गंभीर गोष्ट. डीएनए नाव सांगतो. अळंबी विषारी आहे की नाही, हे तो तुकडा थेट सांगत नाही. नाव कळलं, की त्या नावाखाली आधीच्या माणसांनी लिहून ठेवलेला अनुभव हाती येतो, एवढंच. नवी जात निघाली तर तो अनुभवही नसतो. शिवाय ही तपासणी प्रयोगशाळेत होते. टोपलीत अळंबी आणि चुलीवर कढई असताना तिचा उपयोग नाही.

म्हणून रानातली अनोळखी अळंबी खाऊ नका, विकू नका. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किडीनं खाल्ली असेल तर चांगली, या दोन्ही समजुती खोट्या आहेत. सगळ्यात घातक अळंब्यांचं विष शिजवून जात नाही. त्रास सहा ते बारा तासांनी, कधी आणखी उशिरा सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मग थांबतात, माणसाला बरं वाटतं, आणि आत यकृत मात्र खराब होत राहतं. तेव्हा बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा, दवाखाना गाठायचा, आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्यायची. तिच्यावरून डॉक्टरांना नाव शोधता येईल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिरव्या बुरशीवरून वाद निघाला, तर एवढं सांगा: नुसत्या आडनावावरून कुणाला दोषी धरू नका. आधी काड तपासा, स्पॉन तपासा, हात धुता का ते पाहा. आणि पावडर शेतात, धिंगरी शेडमध्ये, दोघींची जागा वेगळी ठेवा. तुमच्या गावात रानातल्या अळंबीला काय काय म्हणतात, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती नावं आम्ही वाचून दाखवू.